त्या तारखेला तुमच्या घरी काय चाललं होतं?

वर्तमानपत्रातलं दिनविशेष मी रोज वाचते आणि रोज चिडते. 'पानशेत धरण फुटले', 'गोवा मुक्त झाला', की संपला विषय. त्या दिवशी चूल पेटली का, पोरं कुठे होती, हे कोण लिहिणार? म्हणून हा धागा. तारीख पक्की हवी, आणि अनुभव तुमचा किंवा घरच्या कुणाच्या तोंडून ऐकलेला हवा. सुरुवात मीच करते.

12 जुलै 1961, पुणे
ही आईची आठवण. शनिवार पेठेत त्यांचा वाडा होता. सकाळी धरण फुटल्याचं कुणीतरी ओरडत गेलं, आजीला ती अफवाच वाटली. मग नदीकडून माणसं पळत यायला लागली. दागिने कपाटात राहिले आणि आजीने उचलली लोणच्याची बरणी! पानशेतच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, म्हणजे नळाला पाणी नाही. घरात कंबरभर चिखल आणि तो धुवायला पाणी नाही. ज्या विहिरींकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिथे रांगा लागल्या.

19 डिसेंबर 1961, बार्देश, गोवा
मी सेगुंद ग्रावात, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेत होतो. पोर्तुगालच्या नद्या तोंडपाठ. तेजु नदी लिस्बनला समुद्राला मिळते हे झोपेतही सांगितलं असतं. मांडवीबद्दल वर्गात कुणी विचारलं नाही. 18 तारखेला भारतीय विमानांनी दाभोळीचा विमानतळ आणि बांबोळीचं रेडिओ केंद्र बाँबफेकीत निकामी केलं. घरातला रेडिओ मुका झाला, पुढच्या बातम्या सगळ्या कानोकानी. संध्याकाळी सैन्य बेतीला पोचल्याचं कळलं. मधे फक्त मांडवी, पलीकडे पणजी. वडील बघायला गेले, मला नेलं नाही, हा राग अजून आहे. आई मात्र डब्यातले एस्कुदो, म्हणजे पोर्तुगीज पैसे, पुन्हा पुन्हा मोजत बसली होती. राज्य कुणाचंही येवो, हे उद्या बाजारात चालणार का, एवढाच तिचा प्रश्न. पुढे ते बदलून मिळाले, तेव्हा कुठे तिला गोवा मुक्त झाल्यासारखं वाटलं असावं.

11 डिसेंबर 1967, पाटण
पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. आमच्या घराची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून आम्ही वाचलो, आत पडली असती तर हे लिहायला मी नसतो. कोयनेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. चुलते मुंबईत गिरणीत होते. कोयनेची वीज गेली, काम थांबलं, आणि गावाकडे काहीतरी झालंय हे त्यांना तार यायच्या आधी कळलं.

30 सप्टेंबर 1993, औसा तालुका
आमच्याकडे तारीख कुणी सांगत नाही. 'विसर्जनाच्या राती' म्हणतात. 29 ला अनंत चतुर्दशी होती. मिरवणूक उशिरापर्यंत चालली, माणसं दमून झोपली, आणि 3 वाजून 56 मिनिटांनी गाव खाली आलं. मी लातूरला शिकायला होतो. तिथेही पलंग हलला, पण उजाडेपर्यंत कुणाला काही अंदाज नव्हता.

आदल्या वर्षी ऑक्टोबरातही किल्लारीच्या बाजूला हादरे बसले होते. तेव्हा लोक घाबरून बाहेर झोपले, मग हळूहळू आत गेले. माणूस किती दिवस बाहेर झोपणार? घरं म्हणजे जाड दगडी भिंती, सांध्यात माती, वर लाकडं आणि त्यावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात असं थंड घर मिळायचं नाही. तेच अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे 10,000 माणसं गेली. त्यात आमची आजी. आजोबा मिरवणुकीनंतर मारुतीच्या पारावरच आडवे झाले होते, ते राहिले. मग पाऊस लागला. ओलं सरपण पेटेना. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही.

पुढे नव्या गावठाणात सिमेंटचं घर मिळालं. रस्ते सरळ, शेजार लांब. आजोबांनी घरात धान्य ठेवलं आणि स्वतः अंगणात पत्र्याखाली झोपायला लागले. एक साहेब समजवायला आले, बाबा, हे घर भूकंपात पडायचं नाही. आजोबांनी त्यांना चहा पाजला. झोपले पत्र्याखालीच, शेवटपर्यंत.

वरच्याला जोडून, सोलापूर
आमच्या गल्लीत घरोघरी भाकरी थापल्या आणि ट्रकमधून पाठवल्या, मीही बसून गेले होते. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडले होते. लोकांनी कपाटं रिकामी करून घेतली, दुसरं काय!

21 सप्टेंबर 1995, ठाणे
जरा हलकं लिहितो. गणपती दूध पितो म्हणून त्या गुरुवारी देवळापुढे रांग. आमचे विज्ञानाचे सर रांगेत सापडले! म्हणाले, निरीक्षणाला आलोय. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पृष्ठताण शिकवला, चमचा आणि दगडी खलबत्ता घेऊन. दूध चमच्यातून ओढलं जाऊन दगडावरून पातळ ओघळत खाली येतं, ते आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं. तो धडा मी विसरलेलो नाही. आई मात्र अजून म्हणते, आपल्या गणपतीने प्यायलं होतं.

26 जुलै 2005, मुंबई
पाण्यातून चालत गेल्याचे अनुभव सगळ्यांकडे आहेत, माझा उलटा आहे. मी कुलाब्याला नोकरीला. सांताक्रूझला त्या 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. खिडकीतून बघितलं तर नेहमीचा पाऊस. कालिन्याहून बायकोचा फोन आला की तळमजला बुडाला. साहेबांना सांगितलं, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, जा, पण अर्धी रजा लागेल. लागली.