स्वप्न पडलं, दर्शन झालं... अर्थ कोणी लावला? तुमचे अनुभव लिहा

शरणपूरची लेक
गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात एका ताईंनी पहाटेचं स्वप्न सांगितलं. चहा संपायच्या आत त्याचे चार अर्थ निघाले आणि चौथा ऐकून त्या रडायला लागल्या. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, स्वप्नं कितीतरी आहेत. याकोबाची शिडी, मिसरच्या राजाच्या, फारोच्या सात गाई, मत्तयानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या तर पहिल्या दोन अध्यायांतच पाच. पण बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगण्याआधी दानीएल संदेष्ट्यानं आपल्या तिघा मित्रांना प्रार्थनेला बसवलं, ते आपल्या लक्षात राहत नाही.

तर लिहा. काय पाहिलंत, अर्थ कोणी सांगितला, पुढे काय झालं. काहीच झालं नसेल तर तेही लिहा, कारण ते कोणी सांगत नाही. दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ मात्र इथे कृपया लावू नका.

जेलरोडची नर्स
पप्पा गेल्यावर महिन्याभरानं स्वप्नात आले. पांढरा सदरा, हातात रिकामी बादली. म्हणाले, "पाणी भरून ठेव." मावशी म्हणाली, गेलेलं माणूस काही मागतं म्हणजे घरातलं कोणीतरी जाणार. प्रार्थना गटातल्या एक बाई म्हणाल्या, पाणी म्हणजे पवित्र आत्मा, तू रिकामी झालीयेस, उपास कर. मी घाबरले आणि उपासही धरले. तीन महिने रात्रपाळीत फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी अर्थ सांगितलाच नाही. विचारलं, "तुमच्याकडे पाणी कोण भरायचं?"

आमच्या नळाला पहाटे चारला पाणी यायचं. पंचवीस वर्षं पप्पांनी ते एकट्यानं भरलं. मला ड्युटी असते म्हणून कधी उठवलं नाही. त्या खुर्चीत बसून इतकी रडले की पाळकीणबाई आतून धावत आल्या. घरातलं कोणी गेलं नाही. आता पाणी मी भरते.

त्र्यंबक नाका
मला आजवर ना स्वप्न, ना दर्शन. चर्चमध्ये आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची वेळ आली की फार कमीपणा वाटायचा. मग लक्ष्मीबाई टिळकांविषयी वाचलं. त्या आपल्या नाशिकजवळच्याच, जलालपूरच्या. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले; त्या पाच वर्षांनी आल्या. जात देवानं केली की माणसानं, असा विचार करता करता त्यांचं मन पालटलं. विचारातूनही प्रभू बोलावतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

आजीची नात
बावीस वर्षांची होते. एका प्रार्थनासभेतल्या भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं की, प्रभूनं त्यांना दर्शनात दाखवलंय, माझं लग्न अमुक मुलाशी व्हायचंय. मुलगा वाईट नव्हता, मला नको होता. घरचे गप्प झाले. देवाच्या नावानं आलेल्या गोष्टीला नाही कोण म्हणणार? दोन आठवडे घास उतरत नव्हता.

आमची आजी सिन्नरकडची, अक्षरओळख नाही, पण शुभवर्तमान ऐकून ऐकून पाठ. ती म्हणाली, "मरीयेला दूत भेटला, तरी योसेफाला येगळं सपान पडलंच ना? दोघांचं लगीन, म्हून देवानं दोघांना सांगितलं. मंग तुला का न्हाई सांगितलं?"

वडिलांनी जाऊन भाऊंना हेच विचारलं. ते रागावले, पण विषय तिथेच संपला. 'मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं' म्हणत फिरणाऱ्या संदेष्ट्यांवर देव किती संतापतो ते बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात आहे. मी तो फार उशिरा वाचला. लग्नाच्या मुली असलेल्या प्रत्येक आईबापानं तो वाचावा असं मला कळकळीनं वाटतं.

नाव नको
धाकट्या भावाला आवाज ऐकू यायचे. आम्ही त्याला दर्शन म्हटलं. लोक त्याच्याकडून डोक्यावर हात ठेवून घ्यायला यायचे. सव्वा वर्ष असं गेलं. मग तो झोपेना, जेवणात विष आहे म्हणायला लागला, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. आज गोळ्या घेतो, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतो. त्या सव्वा वर्षासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. घरात असं कोणी असेल तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा.

उपनगर
आम्ही कॅथलिक. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा बायकोला स्वप्न पडलं. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या चर्चमध्ये ती उभी आहे, ओंजळीत काहीतरी ऊबदार आहे, बघते तर तान्ह्या बाळाचं पाऊल. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली. दोन्ही घरांनी बारशाच्या गोष्टी सुरू केल्या. येत्या फेब्रुवारीच्या यात्रेला नऊ वर्षं होतील. बाळ नाही. "विश्वास कमी पडला" असं लोकांनी तिला तोंडावर ऐकवलंय. फादर म्हणाले, "स्वप्न म्हणजे देवानं दिलेलं वचन असं धरू नका." ती त्या स्वप्नाला अजूनही खोटं म्हणत नाही. म्हणते, पाऊल गरम होतं. मी वाद घालत नाही.

शरणपूरची लेक
तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करते आहे. येशूचा शिष्य पेत्र याला यापो गावात दर्शनात आकाशातून उतरणारी, प्राण्यांनी भरलेली चादर तीनदा दिसली, तरी अर्थ लागेना. तो विचारात पडला असतानाच कर्नेल्य या परजातीय अधिकाऱ्याची माणसं दाराशी आली, आणि त्या परक्या घरात गेल्यावर त्याला उलगडा झाला. मदतीला बोलावणारा मासेदोनियाचा माणूस दर्शनात एकट्या प्रेषित पौलाला दिसला, पण त्यावरून काय करायचं ते ठरवल्याची हकीकत सांगताना त्याचा सोबती लूक 'आम्ही' असं लिहितो, म्हणजे ते सगळ्यांनी मिळून ठरवलं.

निफाडकर
थोरल्या भावाशी बांधावरून सोळा वर्षं बोलणं बंद होतं. थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे दिवस. एका आठवड्यात तीनदा तो स्वप्नात दिसला, शेकोटीपाशी एकटा, माझ्याकडे पाठ करून. मी कोणाला अर्थ विचारला नाही. विचारला असता तर कोणीतरी सोयीचा सांगून मला वाचवलं असतं. आधी भावाशी समेट कर, मग अर्पण वाहा, हे येशूचं वचन लहानपणापासून पाठ आहे.

गेलो. वहिनीनं चहा दिला, तो बाहेर आला नाही. दुसऱ्या खेपेला आला, बोलला नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "लाकडं कमी पडतायत, आण जरा." पहाटेपर्यंत बागेच्या कडेला बसलो होतो. बांधाचं अजून मिटलेलं नाही.