मदत हवी आहे: काविळीच्या बाळांच्या बेरात एकही लाट मिळेना, शुक्रवारी टेबल द्यायचंय

खानापूर_रोड
नमस्कार. बेळगावात प्रबंधासाठी नवजात बाळांचे बेरा (कानात क्लिक वाजवून श्रवणनस आणि ब्रेनस्टेममधल्या विजेच्या लाटा नोंदवणारी चाचणी) घेतेय. विषय: जास्त काविळीचा ब्रेनस्टेमवर (मेंदूच्या देठावर) होणारा परिणाम. पाच बाळांत ९० डेसिबलला सुद्धा सरळ रेघ येते. पहिली, तिसरी, पाचवी, कुठलीच लाट नाही. मशीन ठीक आहे, काल मैत्रिणीवर लावून बघितलं, तिच्या सगळ्या लाटा स्वच्छ आल्या. गाइड म्हणतात, "प्रतिसाद नाही" लिही आणि तीव्र बहिरेपणाच्या रकान्यात टाक. टाकू का? लवकर सांगा.

श्रवणरेखा
नका टाकू. आधी हे सांगा: बाळं किती आठवड्यांची जन्मली आणि चाचणीच्या दिवशी किती दिवसांची होती? क्लिकची पोलॅरिटी (आवाजाचा पहिला धक्का आत की बाहेर) कोणती? सेकंदाला किती क्लिक, सरासरीसाठी किती स्वीप (एकेका क्लिकनंतरची नोंद), फिल्टर कुठून कुठपर्यंत? हेडफोन की इन्सर्ट (नळीतून आवाज देणारी, कानात घालायची टिप)? इलेक्ट्रोडचा इंपीडन्स (विजेला होणारा रोध) किती? बाळ आपोआप झोपलेलं की औषधानं? आणि ओएई (आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज टिपणारी चाचणी) केलंय का? यातलं एकही नसताना रेघ सरळ का आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

जांभा_अर्थिंग
ताई, आधी अर्थिंग बघा की. खानापूरच्या बाजूला जांभा जमीन, उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थ पिटचा रोध वाढतो. सॉकेटवर अर्थ आणि न्यूट्रलमध्ये मल्टिमीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर तिथं बेरा करूच नका. बेराची लाट एक मायक्रोव्होल्टच्याही खाली असते, बाळांत तर बऱ्याचदा ०.२-०.३. तिथं ५० हर्ट्झची गुणगुण शिरली की सगळं झाकून जातं. लॅपटॉपवरचं मशीन असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. वीज गेल्यावर स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर तर अजिबात नको. इलेक्ट्रोडच्या वायरी वेणीसारख्या गुंफा आणि फोटोथेरपीच्या दिव्यापासून लांब ठेवा.

खानापूर_रोड
ओएई सगळ्यांचं दोन्ही कानांत पास आहे. तो माझा विषय नाही म्हणून लिहिलं नाही. इंपीडन्स हिरवा दाखवतो. पोलॅरिटी मशीनमध्ये आहे तीच. स्वीप १०००, सेकंदाला २० क्लिक.

श्रवणरेखा
ओएई पास आणि बेरा सपाट! हीच तर मुख्य गोष्ट होती, तीच तुम्ही गाळलीत.

ओएई पास म्हणजे कॉक्लियातल्या (आतल्या कानाच्या शंखातल्या) बाहेरच्या केसपेशी चालू आहेत. त्यापुढच्या वाटेवर, म्हणजे आतल्या केसपेशींचा नसेशी असलेला सांधा, श्रवणनस किंवा ब्रेनस्टेम, कुठंतरी संदेश तुटतोय किंवा त्याचा ताळमेळ बिघडलाय. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. हे नाव १९९६ साली स्टार आणि सहकाऱ्यांच्या लेखामुळं रुळलं. जास्त बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य), कमी दिवसांचं बाळ, जन्मताना प्राणवायू कमी पडणं ही नवजातांतली नेहमीची कारणं, त्यामुळं तुमच्या बाळांत ते निघालं तर नवल नाही. पण हे सिद्ध करायला तुमच्याकडं अजून काही नाही, कारण "मशीनमध्ये आहे तीच" पोलॅरिटी बहुधा अल्टरनेट (आळीपाळीनं दोन्ही दिशांची) असणार. अल्टरनेटमध्ये कॉक्लियर मायक्रोफोनिक (केसपेशींतून निघणारा, आवाजाच्या लहरीची नक्कल करणारा विजेचा संकेत) आपोआप कापला जातो. तो हवा असेल तर असं करा:

एकाच कानात, ८०-८५ डेसिबल एनएचएलला (सामान्य कानाच्या तुलनेत मोजलेला आवाज), सगळी रेअरफॅक्शन (पडदा बाहेर ओढणारी) क्लिक घेऊन एक सरासरी काढा, मग सगळी कंडेन्सेशन (पडदा आत ढकलणारी) घेऊन दुसरी. दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवा. सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांतले चढउतार एकमेकांच्या उलटे दिसले तर तो मायक्रोफोनिक असू शकतो. नसेची लाट अशी उलटत नाही.

मग तिसरी फेरी. सगळं तसंच ठेवून इन्सर्टची नळी चिमट्यानं बंद करा. रेघेतलं ते उलटंसुलटं गेलं तर ते कानातून येत होतं. तसंच राहिलं तर ती ट्रान्सड्यूसरची (आवाज काढणाऱ्या डबीची) विजेची गडबड आहे, मायक्रोफोनिक नव्हे. ही फेरी गाळली तर पुढचं काहीच ग्राह्य धरता येत नाही. याच कारणानं हेडफोनवर हे करू नये. इन्सर्टच्या नळीत आवाजाला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात, म्हणून विजेचा झटका आणि कानाचा प्रतिसाद वेगळे पडतात. हेडफोनवर ते एकमेकांत मिसळतात.

आणखी एक ताळा: आवाज ८५ वरून ७५, ६५ केल्यावर खऱ्या लाटा उशिरा येऊ लागतात, मायक्रोफोनिक जागचा हलत नाही, फक्त लहान होतो.

जांभा_अर्थिंग
मॅडम, तुम्ही थेट निदानावर गेलात. सेकंदाला २० क्लिक म्हणजे प्रत्येक क्लिकमध्ये ५० मिलिसेकंद, आणि ५० हर्ट्झचं आवर्तन २० मिलिसेकंदांचं. लागोपाठचे क्लिक आवर्तनाच्या उलट जागी पडतात म्हणून ५० ची गुणगुण मिटते, पण तिच्या दुपटीची, १०० हर्ट्झची गुणगुण दर क्लिकला त्याच जागी पडते, म्हणजे वायरीतली गुणगुण सरासरीत पुरी मिटतच नाही. म्हणून २१.१ किंवा २७.७ असा न जुळणारा आकडा लावायचा असतो. आधी हे दुरुस्त करा.

श्रवणरेखा
आकड्याचं बरोबर आहे, २१.१ लावाच. नॉच फिल्टर (फक्त ५० हर्ट्झ कापणारा) मात्र बंद ठेवा, तो लाटेचा आकार आणि वेळ दोन्ही बिघडवतो. पण गुणगुण शिरली असती तर रेघ वाकडीतिकडी, ओबडधोबड दिसली असती. त्या सरळ रेघ म्हणतायत. म्हणून रेघ शांत आहे की गोंगाटाची, हे आधी ठरू दे. १००० स्वीपची दोन-दोन रेकॉर्डिंग घ्या, एकमेकांवर ठेवा. दोन्हीतला सरासरी फरक ०.०२५ मायक्रोव्होल्टच्या आसपास उतरेपर्यंत "प्रतिसाद नाही" लिहायचं नाही, "निष्कर्ष निघत नाही" लिहायचं. आणि गोंगाट निम्मा करायचा तर स्वीप दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात.

हिंडलगा_कान
यावर आता ऑडिटरी ब्रेनस्टेम इम्प्लांट आहे, बाळांच्या आईवडिलांना सांगा. कॉक्लिया आणि नस दोन्ही ओलांडून थेट ब्रेनस्टेमवर इलेक्ट्रोडची पट्टी बसवतात. १९७९ साली लॉस एंजेलिसला हाउस आणि हिट्सेलबर्गर यांनी पहिल्यांदा बसवलं. चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) बाजूच्या खोबणीतून कॉक्लियर न्यूक्लियसवर (श्रवणनस जिथं पोचते त्या ब्रेनस्टेममधल्या पहिल्या केंद्रावर) पट्टी ठेवतात.

श्रवणरेखा
हे कुणी विचारलेलं नाही, आणि इथं ते लागूही पडत नाही. ते इम्प्लांट न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप टू या आनुवंशिक आजारात श्रवणनसांवर दोन्ही बाजूंना होणाऱ्या गाठींसाठी सुरू झालं. पुढं श्रवणनसच नसलेल्या मुलांतही वापरलं गेलं. काविळीच्या बाळांत नस जागेवर असते, उलट बिलिरुबिन ज्या जागा हमखास गाठतं त्यात कॉक्लियर न्यूक्लियस आणि इन्फिरिअर कॉलिक्युलस (त्याच्यावरचं श्रवणकेंद्र) आहेत. म्हणजे पट्टी नेमकी दुखावलेल्या जागेवर ठेवायची. न्यूरोपथीच्या मुलांत श्रवणयंत्र पुरेना तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो, तोसुद्धा एमआरआयवर नस बघून, महिन्याच्या बाळाच्या सपाट रेघेवरून नव्हे. कृपा करून आईवडिलांना मेंदूच्या शस्त्रक्रियेचं नाव आत्ता सांगू नका.

खानापूर_रोड
अल्टरनेटच होती, आत्ता सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. हेडफोन टीडीएच-३९ आहे, इन्सर्ट कपाटात आहे, टिप संपल्यात. दोन बाळं ३२ आठवड्यांची आहेत, बाकीची पूर्ण दिवसांची. झोपेना म्हणून दोघांना ट्रायक्लोफॉस (गुंगीचं औषध) दिलं होतं. फिल्टर १५० ते ३०००. आईवडील मात्र म्हणतात की टाळी वाजवली की बाळ दचकतं.

चिकोडी_शिशू
बालरोग विभागाच्या बाजूनं लिहितो.

ट्रायक्लोफॉस पहिलं बंद करा. शरीरात त्याचं ट्रायक्लोरोइथेनॉल आणि पुढं ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड होतं. पहिलं यकृतात बिलिरुबिनच्याच वाटेनं बाहेर पडतं, दुसरं ॲल्ब्युमिनवरची (बिलिरुबिन वाहून नेणाऱ्या रक्तातल्या प्रथिनावरची) बिलिरुबिनची जागा घेतं. म्हणजे जी गोष्ट मोजायला तुम्ही बसलाय तीच औषधानं वाढू शकते. नवजाताला औषध लागतही नाही. अंगावर पाजून, ढेकर काढून, घट्ट लपेटून अर्धा तास अंधाऱ्या खोलीत ठेवलं की पुरतं. इलेक्ट्रोड पाजण्याच्या आधीच लावून ठेवा.

टाळीला दचकणं म्हणजे ऐकू येणं असं धरू नका. हवेचा झोत, आईचं अंग हलणं यानंही बाळ दचकतं. पण आईवडिलांना झिडकारूही नका. न्यूरोपथीत आवाज पोचतो पण तुटक पोचतो, तेव्हा त्यांचं निरीक्षण वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे.

३२ आठवड्यांची बाळं वेगळी काढा. त्या वयात श्रवणमार्गावर मायलिन (नसांवरचं वेष्टण) पुरतं चढलेलं नसतं, लाटा लहान, उशिरा आणि कधी न दिसणाऱ्या असतात. जन्मापासून नव्हे, गर्भधारणेपासूनचे आठवडे मोजून तेवढ्याच वयाच्या, कावीळ नसलेल्या बाळांशी तुलना करा. प्रौढांचे आकडे तर कुठंच लावू नका. प्रौढात पहिल्या ते पाचव्या लाटेचं अंतर सुमारे ४ मिलिसेकंद, पूर्ण दिवसांच्या नवजातात ५ च्या आसपास. ते प्रौढासारखं व्हायला दीड-दोन वर्षं जातात.

आणि तुम्ही बिलिरुबिन किती होतं तेच लिहिलं नाहीत! नुसतं एकूण बिलिरुबिनही पुरत नाही. मेंदूत शिरतं ते ॲल्ब्युमिनला न चिकटलेलं, मोकळं बिलिरुबिन, बेरातला बदलही त्याच्याशी जास्त जुळतो. मोकळं मोजायची सोय नसेल तर निदान त्याच दिवसाचं ॲल्ब्युमिन घेऊन बिलिरुबिन-ॲल्ब्युमिन गुणोत्तर काढा. त्या दिवशी संसर्ग होता का, रक्तातली आम्लता किती होती, हेही टेबलात हवं.

अनगोळ_संमती
संमतीपत्र कुठल्या भाषेत आहे? आपल्याकडं एका वॉर्डात कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्या आया असतात. नुसतं कन्नड किंवा इंग्रजी पत्र पुढं करून अंगठा घेतला तर एथिक्स समिती (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी) परत पाठवू शकते. मराठी मजकूर तयार करून तो दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घ्या आणि मूळ प्रतीशी ताडून बघा. "ब्रेनस्टेम"ला "मेंदूचा देठ" लिहा, कळतं. "मेंदूची चाचणी" असं मोघम लिहू नका, माणसं घाबरून बाळ घेऊन जातात.

जांभा_अर्थिंग
विषय लांब चाललाय. इन्सर्टच्या टिप आधी मागवा ताई, नवजाताच्या मापाच्या. फिल्टर खाली ३० हर्ट्झपर्यंत आणा. बाळाच्या पाचव्या लाटेत खालच्या वारंवारतेचा भाग मोठा असतो, १५० ला तो कापला जातो. वेळेची खिडकी २० मिलिसेकंद ठेवा.

श्रवणरेखा
यात माझं आणि तुमचं पूर्ण एकमत. हेडफोनचा आणखी एक तोटा: नवजाताची कानाची नळी मऊ असते, हेडफोनच्या दाबानं मिटते आणि आवाज आत जातच नाही. आणि "हिरवा" इंपीडन्स म्हणजे किती तो आकडा बघा. ५ किलोओहमच्या खाली हवाच, पण दोन इलेक्ट्रोडमधला फरक २ च्या आत असणं जास्त महत्त्वाचं. घासायची जेल हलक्या हातानं वापरा, नवजाताची कातडी लवकर सोलवटते.

खानापूर_रोड
टिप दुसऱ्या विभागातून मिळाल्या. आज दोन बाळांचं परत केलं, औषधाशिवाय, २१.१, फिल्टर ३० ते ३०००, बॅटरीवर, दोन्ही पोलॅरिटी वेगळ्या.

पहिलं, पूर्ण दिवसांचं: रेघा एकमेकींच्या उलट, साधारण ४ मिलिसेकंदांपर्यंत. नळी चिमटल्यावर सपाट. त्यापुढं दोन्ही पोलॅरिटीत काही नाही.

दुसरं, ३२ आठवड्यांचं, आता ३७ झालेत: ८५ ला पाचवी लाट आली! ७.९ च्या आसपास, दोन्ही वेळा त्याच जागी. पहिली आणि तिसरी अंधुक.

मग आता पहिल्याला न्यूरोपथी आणि दुसऱ्याला नॉर्मल लिहू ना?

श्रवणरेखा
दोन्ही नको.

पहिल्याच्या रकान्यात दिसलं ते लिहा: ओएई आहे, मायक्रोफोनिक आहे, ८५ ला नसेचा प्रतिसाद नाही, वय इतकं, बिलिरुबिन इतकं. निदानाच्या जागी "ऑडिटरी न्यूरोपथीचा नमुना, पुनर्तपासणी बाकी". काविळीतली ही अवस्था काही बाळांत रक्तबदल किंवा फोटोथेरपीनंतर आठवड्या-महिन्यांत मागं फिरते, म्हणून ३ महिन्यांनी परत करा. तेव्हा १००० हर्ट्झच्या प्रोबनं मधल्या कानाचा रिफ्लेक्सही घ्या. श्रवणयंत्राचा निर्णय या रेघेवरून होत नाही. तो सहा ते नऊ महिन्यांच्या पुढं, बाळ आवाजाकडं वळून बघायला लागल्यावर, त्या वर्तनचाचणीवरून होतो. ओएई पुढं जाऊही शकतं, म्हणून मायक्रोफोनिकची रेघ छापून फाइलला लावा.

दुसऱ्याचं फक्त ८५ झालंय. ऐकू किती येतं ते कळायला पाचवी लाट कुठल्या आवाजापर्यंत टिकते ते बघावं लागेल: ६०, ४०, ३०. ७.९ ही वेळ ३७ आठवड्यांच्या, कावीळ नसलेल्या बाळांच्या आकड्यांपुढं ठेवा, मगच उशीर आहे की नाही ते ठरेल.

उरलेल्या तिघांचं जुनं रेकॉर्डिंग टेबलातून काढा. अल्टरनेट, हेडफोन, १५० चा फिल्टर, वर एकाला औषध असेल तर तेही. ते दुरुस्त होणारं नाही, परत घ्यावं लागेल.

चिकोडी_शिशू
आणि त्या पहिल्या बाळाची न्यूरॉलॉजिकल तपासणी आजच करून घ्या. अंग ताठ होणं, मान मागं टाकणं, चिरका रडण्याचा आवाज, नजर वर न जाणं हे बघा. बिलिरुबिन अजून वर असेल तर हा तुमच्या टेबलाचा प्रश्न राहत नाही, वॉर्डातल्या डॉक्टरांना आत्ता फोन करा.

खानापूर_रोड
फोन केला. काल संध्याकाळचं बिलिरुबिन १९ होतं, आता परत रक्त घेतायत. शुक्रवारचं टेबल पुढं ढकलायला गाइडना सांगते. इन्सर्टच्या टिप एका बाळाला एक की निर्जंतुक करून परत वापरायच्या?

जांभा_अर्थिंग
फोमच्या असतील तर एका बाळाला एकच, परत नाही. रबराच्या असतील तर कंपनीच्या पत्रकात दिलंय तसं निर्जंतुक करून वापरता येतात. नळीत पाण्याचा थेंब राहिला तर आवाज अडतो, तेवढं बघा.