मदत हवी आहे : एका दिवसात जुने गोवे, चर्च आणि अवशेष

कृष्णाकाठ_सांगली :
येत्या आठवड्यात आम्ही जुने गोवे पाहण्यास जात असून हाती एकच दिवस आहे. मला केवळ जुने अवशेष आणि ऐतिहासिक चर्च पाहायची आहेत. कृपया समुद्रकिनारे सुचवू नयेत. कोणत्या क्रमाने पाहावे, एवढेच सांगावे. गाडीवाल्याला आज रात्रीच कळवायचे आहे.

मिरजकर :
वार कोणता, बरोबर कोण, मुक्काम कुठे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

कृष्णाकाठ_सांगली :
रविवार आहे. बाकीच्या गोष्टींचा क्रमाशी काय संबंध?

मिरजकर :
वाराचा तर नक्कीच आहे. रविवारी सकाळी बॉम जेझू बॅसिलिका या चर्चमध्ये प्रार्थना असतात, तेव्हा पर्यटकांनी आत फिरणे योग्य नाही. ती दुपारवर ठेवावी.

जांभा_दगड :
सहमत. सकाळी प्रथम टेकडीवरचे सेंट ऑगस्टिनचे अवशेष पाहावेत, कारण तेथे सावली जवळजवळ नाही. 1602 साली उभे राहिलेले हे चर्च 1835 मध्ये धर्मसंघांना हद्दपार केल्यावर ओस पडले, 1842 मध्ये त्याचे छत कोसळले आणि 1931 मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. जे उरले आहे तेच सुमारे 46 मीटर उंच आहे, यावरून मूळ वास्तूची कल्पना यावी. त्यानंतर से कॅथेड्रल, त्याला लागूनच असलेले सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी आणि पुढे सेंट कॅजेटन. या शेवटच्या चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याचे म्हणून ओळखले जाणारे प्रवेशद्वार उभे आहे. बहुतेक लोक ते न पाहताच परततात.

घाटवाट :
सांगलीहून आंबोलीने न जाता बेळगावमार्गे चोर्ला घाटाने जावे.

जांभा_दगड :
रस्ता कोणी विचारलेला नाही.

सह्यकन्या :
माझ्या मते चर्च दोनच पाहावीत आणि फेरीबोटीने दिवाडी बेट ओलांडून नार्व्याचे सप्तकोटेश्वर देवालय गाठावे. पोर्तुगीजांनी मूळ देवालय पाडल्यानंतर शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली होती. साताऱ्या-सांगलीच्या माणसाने तेथे न जाता परतणे मला तरी पटत नाही.

मिरजकर :
देवालय पाहण्यासारखेच आहे, परंतु दोन फेरीबोटींच्या खेपांत अर्धा दिवस जातो आणि प्रश्न चर्चचा आहे. से कॅथेड्रलचा 1776 साली पडलेला मनोरा पुन्हा बांधलाच नाही. अशी वास्तू घाईने पाहून काय साधणार?

सह्यकन्या :
प्रश्नात ‘अवशेष’ही म्हटले आहे.

कृष्णाकाठ_सांगली :
वाद नको. जांभा_दगड यांचा क्रम घेतो. मात्र सासूबाई बरोबर असून त्या काठी घेऊन चालतात.

जांभा_दगड :
हे आधी सांगायला हवे होते. मग टेकडीवर गाडी थेट अवशेषांजवळ नेण्यास सांगावे आणि बॅसिलिकापासून चालत चढू नये. आवारातली जमीन उंचसखल आहे, त्यामुळे मनोरा त्यांना रस्त्यालगतूनच पाहू द्यावा. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकणारे कपडे लागतात, हे बरोबरच्या सर्वांना सांगावे.

मिरजकर :
मुक्काम कुठे आहे, ते अजूनही कळले नाही. मडगावच्या बाजूला असेल तर सकाळी किती वाजता निघायचे, याचा हिशोब वेगळा होईल.