अनुभव धागा: गाडी काढून कोल्हापूरमार्गे तळकोकणात – घाट, जेवणं, नातलग आणि डिकी

परीक्षा संपल्या की पुण्याहून निघायचं, कोल्हापूरला एक-दोन मुक्काम, घाट उतरून कणकवली-कुडाळ-मालवण, आणि येताना रत्नागिरी-चिपळूण करत कुंभार्ली घाटाने कराडला लागायचं. मे महिन्यात ही फेरी कितीतरी घरं करतात. वाटेत मावशी, आत्या, चुलत सासरे, सगळेच असतात. हा धागा प्रवासवर्णनांसाठी नाही. पुढच्या माणसाच्या कामी येईल असं लिहा: वेळा, मापं, काय बिघडतं आणि का बिघडतं. वर आपलं गाव लिहा. सुरुवात मी करते.

या फेरीचं वेळापत्रक किलोमीटरवर लावलं की फसतं. ते जेवणावर लावायचं. दिवसाला एकच घर जेवणाचं आणि फार तर एक घर चहाचं. चहाच्या घरालाही दीड तास धरा, कारण चहाच्या आधी पाणी, मग गूळ किंवा लाडू, मग 'पोहे टाकतेच' हे होणारच, आणि ते नाकारून उठणं कुणालाच बरं वाटत नाही. दोन जेवणाची घरं एका दिवसात बसवलीत तर दुसऱ्या घरी पानावर बसून नुसतं टाकलं जातं. ज्या बाईने सकाळपासून वाटण वाटलंय तिला ते दिसतं.

फोन दोन दिवस आधी करावा. माणसं किती, त्यात लहान मुलं किती, शाकाहारी कोण, वार कुणाचा, हे एका दमात सांगून टाकावं. निघाल्यावर दुसरा फोन शेवटच्या मोठ्या गावावरून: 'फोंड्यात आहोत, तासाभरात पोचू'. भाकऱ्या त्या फोनवर थापल्या जातात. तांदळाची भाकरी गार झाली की कडक होते आणि परत गरम करून तशी होत नाही, म्हणून हा फोन महत्त्वाचा.

कोल्हापूरहून

पुणे-कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. पहाटे पाचला निघालं तर शहरातली गर्दी लागत नाही. जुन्या रस्त्याने जाताना खंबाटकी घाट चढावा लागतो, येताना बोगदा मिळतो. त्यामुळे जाण्या-येण्याचा वेळ सारखा धरू नका. महामार्गाचं काम बऱ्याच ठिकाणी चालू असतं, सेवारस्त्यावर उतरवतात, म्हणून नकाशा दाखवेल त्यावर एक तास जादा धरा.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालाय, तेव्हा तो ३००० रुपयांचा होता. खासगी कार-जीपला एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. या रस्त्यावर एक नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते. राष्ट्रीय महामार्गावर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही. मुंबईची मंडळी इथेच चुकतात: पास आहे म्हणून टॅगमधली शिल्लक शून्य ठेवतात आणि पहिल्याच नाक्यावर अडकतात.

आमच्याकडे आलात तर मुलांना पहिल्यांदा पांढरा रस्सा वाढून घ्या, तांबडा नंतर. पांढरा घरी करून बघणाऱ्यांसाठी एकच सांगतो. मटणाचं पाणी (आळणी) आधी खळखळून उकळून घ्यायचं, नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि मग उकळी येऊ द्यायची नाही. दूध घालून उकळलं की ते फाटतं आणि वर चोथा तरंगतो. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध मिळतं. तेव्हा रात्रीचं जेवण जरा उशिरा ठेवा.

घाटांविषयी, गडहिंग्लजहून

कोल्हापुरातून तळकोकणात उतरायला तीन मुख्य वाटा. गगनबावड्याला रस्ता फुटतो: एक करूळ घाट, दुसरा भुईबावडा, दोन्ही वैभववाडीच्या बाजूला जातात. दुसरी वाट राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, थेट कणकवलीच्या अंगाला. तिसरी आजरा-आंबोली, सावंतवाडीला जायचं असेल तर हीच. करूळ घाट रुंदीकरणाच्या कामासाठी बराच काळ बंद होता. घाट बंद-चालू होतच असतात, म्हणून ज्यांच्याकडे चाललाय त्यांनाच आदल्या दिवशी विचारा, त्यांच्या गावात एसटी कुठून येतेय ते त्यांना पक्कं माहीत असतं.

कुठलाही घाट असो, अंधार पडण्याआधी उतरा. दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात. हेडलाइटमध्ये त्यांचा काळा रंग दिसतच नाही, पायाचे पांढरे मोजे तेवढे दिसतात आणि तोवर गाडी जवळ पोचलेली असते. हॉर्न मारू नका. लांब थांबा आणि त्यांना जाऊ द्या.

उतरताना गिअर असा ठेवा, ज्या गिअरमध्ये तोच घाट चढता आला असता: दुसरा, कुठे तिसरा. गाडी न्यूट्रलला टाकून नुसत्या ब्रेकवर उतरलात की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पॅडल दाबूनही पकड येत नाही. वास आला तर रुंद जागा बघून थांबा, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड किंवा 'एल' वापरावा. गाडीच्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं, निघण्यापूर्वी वाचा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

आंबोलीत मेच्या शेवटीही धुकं उतरतं. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. लो बीम आणि कडेची पांढरी रेघ धरून चला. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, वळताय की थांबलाय ते मागच्याला कळत नाही.

गाडी लागणाऱ्यांसाठी, साताऱ्याहून

घाटाच्या आधी दीड तास पोट भरून खाऊ देऊ नका आणि उपाशीही ठेवू नका, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. कोरडी भाकरी, लाह्या, आवळा सुपारी, आल्याचा तुकडा मिठात घोळून. गोड थंड पेय सगळ्यात वाईट. मुलांच्या हातातला मोबाइल घाट संपेपर्यंत काढून घ्या. डोळे स्थिर आणि अंग हलतंय, त्यानेच भोवळ येते. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती घाटाच्या आधी अर्धा-एक तास द्यायची, सुरू झाल्यावर नाही.

आणि साताऱ्याचे कंदी पेढे जाताना घेतलेत तर पहिल्या एक-दोन घरांतच वाटून टाका. कोकणातली दमट हवा त्यांना मानवत नाही.

वाटेतल्या शिदोरीबद्दल, सांगलीहून

पहिल्या दिवशीचं खाणं घरून न्या. ते गुळाच्या दशम्यांइतकं दुसऱ्या कशानेच साधत नाही. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी दूध, दोन चमचे तुपाचं मोहन, चिमूट मीठ. दूध उकळून पूर्ण गार करायचं आणि त्यात गूळ विरघळवून गाळून घ्यायचा. गरम दुधात गूळ टाकला की दूध फाटतं. तूप कणकेला चोळून मग लागेल तसं गुळाचं दूध घालून घट्ट भिजवा. पोळीसारखी सैल कणीक झाली तर दशमी लाटताना चिकटते, कारण गूळ सुटत जातो. पोळीपेक्षा जाडसर लाटून मध्यम आचेवर भाजा. मोठ्या आचेवर गूळ करपतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं.

खरी चूक यानंतर होते. गरम दशम्या एकावर एक रचून डब्यात भरतात. वाफ आतच राहते, दशम्यांना घाम सुटतो आणि मेच्या उन्हात डबा दुपारीच आंबूस येतो. एकेक दशमी सुती फडक्यावर पसरा, पूर्ण गार करा आणि मगच रचा. अशा दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगल्या राहतात. बरोबर शेंगदाण्याची किंवा कारळ्याची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि कांदा घातलेले धपाटे प्रवासात नेऊ नका.

कुडाळहून

आमच्याकडे येण्याचा वार बघून या. सोमवार बऱ्याच घरांत शिवराक (शाकाहारी), काही घरांत गुरुवार, शिवाय संकष्टी-एकादशी. पाहुणे 'मासे खाऊक इलंव' म्हणून सोमवारी दारात उभे राहिले तर घरच्या बाईची पंचाईत होते. १ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा जूनच्या सुट्टीत येणाऱ्यांनी ताज्या सुरमईची अपेक्षा ठेवू नये. पण शिवराक जेवण कमी मानू नका. काळ्या वाटाण्याची सांबार, ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी. यातलं कितीतरी याच दिवसांत मिळतं.

घावणे शिकून जायचे असतील तर मापं ही. दोन वाट्या जुना तांदूळ चार-पाच तास भिजत घालून बारीक वाटायचा आणि पाणी घालून ताकाएवढा पातळ करायचा. आंबोळीसारखं आंबवायचं नाही. बिडाचा तवा चांगला तापवून नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं. पीठ कडेकडून आत ओतत यायचं. ओतताक्षणी चर्र आवाज येऊन भोकं पडली पाहिजेत. झाकण ठेवून मिनिटभर, कडा सुटल्या की काढायचं. जाळी पडली नाही तर पीठ दाट आहे किंवा तवा थंड आहे. दर वेळी पळी तळापासून ढवळा, तांदूळ खाली बसतो आणि शेवटचे घावणे जाड होतात. तवा साबणाने घासला असेल तर पहिले दोन-तीन चिकटणारच.

पाहुण्यांनी पुण्याहून मिठाईचे बॉक्स आणू नयेत असं मनापासून वाटतं. घाटावरची ज्वारी, शेंगदाणे, कोल्हापुरी गूळ आणा. ते इथे वापरलं जातं, आणि म्हाताऱ्या माणसांना 'वरच्या' ज्वारीचं फार कौतुक असतं.

डिकी कशी भरावी, पुण्याहून

प्रत्येक घराची वेगळी पिशवी, वर नाव. शेवटचं घर सगळ्यात आत. नाहीतर दर दारात डिकी रिकामी करावी लागते. स्टेपनी डिकीच्या तळाशी असते, म्हणून जॅक आणि पाना वेगळ्या पिशवीत वर ठेवा. पाच माणसं आणि पूर्ण सामान असेल तर हवेचा दाब वेगळा लागतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरल्या गाडीचा आकडा बघा, आणि टायर थंड असताना भरा. सीएनजीच्या गाडीत टाकी डिकीची जागा खाते. अशा गाडीने येताना आंब्याच्या दोन पेट्यांचा मोह टाळा.

येतानाच्या सामानाबद्दल, देवगडहून

आंबा खायचा दिवस सांगून विकत घ्या. 'आठवड्याने खाणार' म्हणालात तर कच्चा मिळेल, 'परवा' म्हणालात तर रंग धरलेला. देठ ठेवून काढलेलं फळ बघा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि तिथूनच कुजायला लागतं. पेटीवर बॅग ठेवू नका, आणि दुपारी उन्हात बंद गाडीत पेटी ठेवून जेवायला जाऊ नका. फळ पिकत नाही, उकडतं: वरून पिवळं, आत मऊ आणि बेचव. मुक्कामाच्या घरी रात्री पेट्या उतरवून सावलीत उघड्या ठेवा.

आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली गळ्यापर्यंत भरू नका, तीन बोटं जागा सोडा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावा आणि बाटली उभीच न्या. आगळात मीठ असतंच. घरी सोलकढी करताना आधी चाखा, मगच मीठ घाला. फणस अख्खा नेऊ नका, गरे काढून डब्यात न्या, आणि हात-सुरीला आधी खोबरेल लावा. चीक पाण्याने जात नाही.

सुकट-बोंबील खरेदीनंतर पुन्हा एकदा कडक उन्हात घाला. मग कागदात गुंडाळून दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर झाकणाचा डबा. कागद ओल शोषतो, तो वगळला तर आठवड्यात बुरशी येते. हा डबा आणि आंबे शेजारी-शेजारी ठेवू नका.

चिपळूणहून

परतीला कुंभार्ली चढणार असाल तर चिपळूणलाच टाकी भरून घ्या आणि दुपारी तीनच्या आत निघा. पोफळीपासून चढ लागतो, ट्रक बरेच असतात, ओव्हरटेक करायला जागा कमी. वर हेळवाकला थांबून इंजिन गार होऊ द्या, आणि तेवढ्यात डिकी उघडून आगळाच्या बाटल्या बघून घ्या. घाटाच्या वळणांत त्या हटकून आडव्या होतात.