केळीची पिलं किती ठेवायची? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, कोथरूडला घरामागे मोरीचं पाणी जातं तिथे केळ लावलीये, दीड वर्ष झालं, आता घड पडलाय, सात फण्या आहेत पण केळी अजून बोटाएवढीच आणि खाली केळफूल लोंबतंय. बुंध्याशी पाच पिलं आलीत, दोन तर माझ्या कमरेएवढी! सासूबाई म्हणतात हात लावू नकोस, शेजारचे काका म्हणतात एकच ठेव नाहीतर घड पोसणार नाही, मला काकांचं पटतंय. पण जमिनीलगत कापलेलं पिलू आठ दिवसांत परत फुटलं, मधला कोंब कोरून काढायचा का? केळफूल आत्ताच कापू का, भाजी करायचीये (चीक कपड्यावर पडला की जात नाही, एक ड्रेस गेला). आणि गणपतीत सगळे पानं मागतात, किती कापली तर चालतील?