मदत हवी आहे: खाडीतली तिवरं वाळताहेत

नमस्कार मंडळी. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेल्या पावसाळ्याआधी खाडीत रस्त्यासाठी मातीचा भराव पडला. दोन नाळ्या बुजल्या आणि आतल्या बाजूला उधाणाचंही पाणी पोचेनासं झालं. आता तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटीची झाडं, उभ्या उभ्या वाळताहेत. पूर्वी पानाच्या पाठीवर बोट फिरवलं की मिठाची कणी लागायची. आता पानच चुरगळतं. चिखलातून वर आलेली श्वासमुळं काडीसारखी मोडतात. आईबरोबर मी इथेच चिंबोऱ्या, निवट्या धरायला शिकले, त्यामुळे बघवत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाची, म्हणजे अशा खारफुटीच्या रानाची, तोडच नव्हे, त्यात राडारोडा टाकणंही बंद केलंय. पण तक्रार केली तर उत्तर मिळालं, 'झाड कुठे तोडलंय?'

अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा की थेट वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे? सोबत भरती-ओहोटीचे तारीखवार फोटो आणि जुने उपग्रह नकाशे पुरतील का? भरावाखालून नळ टाकून पाणी आत घेतल्यावर तिवरं सावरलेली कुणी पाहिलीत का? नवी रोपं लावण्याआधी पाणी सुटायला हवं, असं मला ठाम वाटतं. अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा, काही फांद्यांना अजून पालवी आहे.