अनलिमिटेडलाही लिमिट असतेच

इंटरनेटचा प्लॅन अनलिमिटेड आहे मग स्पीड का पडला असा प्रश्न पडला असेल, तर ते एफयूपीमुळे, म्हणजे फेअर युसेज पॉलिसी, ठरलेला डेटा वापरून झाला की स्पीड कमी करायचा नियम. बऱ्याच फायबर प्लॅन्सना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती संपली की स्पीड एकदम खाली. तशी ३३०० म्हणजे भरपूर, फोरके (एकदम हाय क्वालिटी) पिक्चर तासाला साधारण ७ जीबी खातो म्हणजे रोज १५ तास बघितलं तरी महिना निघतो. पण घरात कॅमेरे सतत क्लाउडवर अपलोड करत असतील तर गणित बिघडतं, कारण अपलोडही त्यातच मोजतात, आमच्याकडे हेच झालं आणि कस्टमर केअरवाल्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, फार राग आला. आधी अ‍ॅपमध्ये युसेज बघा आणि प्लॅन घेताना एफयूपीनंतरचा स्पीड नक्की विचारा.